छत्रपती संभाजीनगरात मनाजोगी वसाहत कशी निवडावी: नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव किंवा जालना जिल्ह्यातून नोकरी, मुलांचे शिक्षण अथवा घरातील कोणाचा दीर्घ उपचार अशा कारणांनी छत्रपती संभाजीनगरात राहायला येणारी कुटुंबे बहुधा घराचा विचार आधी करतात आणि वसाहतीचा नंतर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे थोडी मोकळी जागा आणि मालक बरा, एवढे जमले की सामान उतरवले जाते. पाणी किती दिवसांनी येते, कामावर जायला किती वेळ लागतो आणि पावसाळ्यात गल्लीतून दुचाकी निघते का, हे प्रश्न त्यानंतर समोर येतात. घर आतून बदलता येते, पण हे तीन प्रश्न वसाहतीचे असतात आणि एकट्या कुटुंबाला ते सोडवता येत नाहीत. म्हणून या लेखात घर पाहण्यापूर्वी वसाहत कशी पारखावी, याचा क्रम दिला आहे. लेखकाचे एक ठाम मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो: या शहरात पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे आणि एक उन्हाळा व एक पावसाळा पाहिल्याखेरीज विकत घेण्याचा व्यवहार करू नये.

कामाच्या दिशेपासून सुरुवात

हे शहर पूर्व-पश्चिम लांबट पसरलेले आहे. पश्चिमेला अहिल्यानगरच्या रस्त्यावर वाळूजची औद्योगिक वसाहत आहे, पूर्वेला जालना रस्त्यावर आधी चिकलठाणा आणि पुढे शेंद्रा आहे. क्रांती चौक मध्यबिंदू मानला तर वाळूज साधारण पंधरा आणि शेंद्रा साधारण वीस किलोमीटरवर येते. उच्च न्यायालयाचे खंडपीठ जालना रस्त्यावर शहराच्या मध्यभागी आहे, तर घाटी रुग्णालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ वायव्येला, पाणचक्की व बेगमपुऱ्याच्या बाजूला आहेत. दक्षिणेकडे मनमाडहून परभणी-नांदेडकडे जाणारा लोहमार्ग शहराला छेद देतो आणि त्याच्या पलीकडे बीड बायपास, सातारा व देवळाई हे परिसर येतात.

नवख्या माणसाने पहिले काम करायचे ते असे की कामाचे ठिकाण, मुलांची संभाव्य शाळा किंवा महाविद्यालय आणि गावाकडची गाडी मिळण्याचे ठिकाण या तीन जागा कागदावर मांडाव्यात आणि त्यांतील जी जागा रोज दोनदा गाठावी लागणार आहे, तिच्याकडे घर झुकते ठेवावे. वाळूजला पहिल्या पाळीत काम करणाऱ्या माणसाने शहराच्या पूर्वेकडील सिडको वसाहतीत घर घेतले, तर त्याला पहाटे सगळे शहर ओलांडून जावे लागते आणि परतताना नगर नाका व छावणीच्या बाजूची कोंडी रोज वाट्याला येते. बऱ्याच मोठ्या कारखान्यांच्या बसगाड्या ठरावीक मार्गाने फिरतात. कंपनीतील जुन्या सहकाऱ्याकडून त्या मार्गावरचे थांबे लिहून घेतले, तर घर शोधण्याचा पट्टा निम्म्याने कमी होतो.

पती-पत्नींपैकी एक वाळूजला आणि एक शेंद्र्याला असेल, तर मात्र मधोमध म्हणून जालना रस्त्यावरची जागा लगेच धरू नये. बीड बायपासवरून पश्चिमेकडे महानुभाव आश्रम चौकातून लिंक रोडने वाळूजकडे निघता येते आणि पूर्वेकडे झाल्टा फाट्यावरून केंब्रिज चौकात जालना रस्ता गाठता येतो, त्यामुळे गारखेडा किंवा बायपासलगतचा भाग अशा जोडप्याला अधिक सोयीचा ठरतो. जालना रस्त्यावर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स आणि सिडको अशा ठिकाणी उड्डाणपूल झाले, तरी सायंकाळी हा रस्ता वेगाने पार होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

गावाकडच्या प्रवासाचाही विचार करावा. जालना-परभणीकडच्या एसटी गाड्यांसाठी सिडको बसस्थानक सोयीचे आहे, मध्यवर्ती बसस्थानक समर्थनगरजवळ आहे आणि रेल्वेचे मुख्य स्थानक शहराच्या नैर्ऋत्य भागात आहे. मुकुंदवाडीलाही स्थानक आहे, पण तेथे मोजक्याच गाड्या थांबतात. दर पंधरवड्याला आई-वडिलांकडे जाणाऱ्यांसाठी हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही.

पाणी: सर्वांत आधी विचारायचा प्रश्न

मराठवाड्यातील माणसाला पाण्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही, पण शहरात गेल्यावर हा प्रश्न सुटतो असा समज मात्र येथे दूर करावा लागतो. शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. धरण भरलेले असले म्हणजे नळाला रोज पाणी येईल असे नाही, कारण अडचण साठ्यापेक्षा पाणी शहरापर्यंत आणण्याची व गल्लीपर्यंत वाटण्याची आहे. जुन्या जलवाहिन्या वाढत्या शहराला अपुऱ्या पडल्यामुळे अनेक वर्षे काही भागांत चार-पाच दिवसांआड, तर काही भागांत आठवडाभराने किंवा त्याहूनही उशिरा पाणी येत राहिले. याच कारणाने २५०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीची नवी योजना हाती घेण्यात आली. तरीही नव्या योजनेच्या भरवशावर आज घर ठरवू नये. मुख्य वाहिनी आणि जलकुंभ झाले, तरी आपल्या गल्लीत अंतर्गत वाहिनी पडली आहे का आणि तिला जोडणी मिळाली आहे का, एवढेच आपल्या उपयोगाचे असते.

हा प्रश्न दलालाला किंवा घरमालकाला विचारून समाधानकारक उत्तर मिळत नाही. दोघांचेही उत्तर ‘पाण्याची काहीच अडचण नाही’ असे ठरलेले असते. समोरच्या घरातील बाईंना, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला आणि शक्य असेल तर त्या भागात पाणी सोडणाऱ्या लाइनमनला वेगवेगळे विचारावे. प्रश्नही नेमके असावेत. नळाला मागच्या वेळी पाणी कोणत्या दिवशी आले आणि त्याआधी कधी आले होते? ते किती वेळ टिकते, आणि रात्री दोन वाजता येते की दिवसा? नळाला मोटार लावावी लागते का? मे महिन्यात टँकर मागवावा लागला होता का, आणि त्याचे पैसे भाडेकरूने दिले की मालकाने?

त्यानंतर घरातील साठवण मोजावी. आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या वसाहतीत चार माणसांच्या कुटुंबाला गच्चीवरची हजार लिटरची एक टाकी पुरत नाही. जमिनीखालचा हौद आहे का, तो किती मोठा आहे आणि किती कुटुंबांत वाटला जातो, हे पाहावे. बोअर असल्यास ती उन्हाळ्यात आटते का, हे विचारावे. येथील जमिनीखाली बेसाल्टचा कठीण खडक असल्यामुळे दोन शेजारच्या प्लॉटांपैकी एकाला भरपूर पाणी आणि दुसऱ्याची बोअर कोरडी, असे सर्रास आढळते, म्हणून ‘या भागात बोअरला पाणी आहे’ या सरसकट वाक्याला फारसा अर्थ नाही. बोअरचे पाणी जड असेल, तर पिण्यासाठी जार किंवा शुद्धीकरण यंत्र यांचा मासिक खर्च भाड्यातच धरावा.

कोणता भाग कोणासाठी

वसाहतींची नावे नवख्याला गोंधळात टाकतात. येथे कोणी ‘साताऱ्याला राहतो’ म्हणाले तर तो खंडोबाच्या मंदिराजवळचा सातारा परिसर असतो आणि ‘पंढरपूरला उतरा’ म्हणाले तर ते वाळूजच्या रस्त्यावरचे पंढरपूर असते. पत्ता घेताना म्हणूनच जवळचा चौक, नाका किंवा मंदिर विचारून घ्यावे.

जुने शहर म्हणजे गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, औरंगपुरा, पैठण गेट आणि आसपासचा भाग. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलेल्या नगराचा हा गाभा आहे आणि दरवाजांचे शहर ही ओळखही याच भागामुळे टिकून आहे. बाजार, दवाखाने, पुस्तकांची दुकाने, भाजी मंडई सर्व पायी गाठता येते, त्यामुळे वाहन न चालवणाऱ्या वृद्धांना हा भाग अजूनही उत्तम वाटतो. चारचाकी असलेल्यांनी मात्र येथे घर घेण्याआधी ती रात्री कोठे उभी करणार, हे ठरवावे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी औरंगपुरा, खडकेश्वर, समर्थनगर या बाजूला अभ्यासिका व खानावळींच्या सोयीने राहतात. विद्यापीठात शिकणाऱ्यांना बेगमपुरा व पहाडसिंगपुरा जवळ पडतो.

सिडको हा शहर व औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको) आखून वसवलेला, एन-१ पासून क्रमांकांनी ओळखला जाणारा भाग आहे. रस्ते, मोकळी मैदाने, शाळा आणि बाजार यांचा आधी विचार करून वसाहत उभी राहिल्यामुळे शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला आपण प्रथम सिडको-हडको पाहण्यास सांगू. कॅनॉट परिसरात खरेदी आणि खाण्यापिण्याची सोय आहे, टीव्ही सेंटरच्या बाजूला हडको आहे आणि जाधववाडीची बाजार समिती तेथून जवळ आहे. या भागाची उणीव अशी की लहान घरांवर पुढे दोन-तीन मजले चढले, भाडेकरू वाढले आणि गल्ल्या वाहनांनी भरल्या. शिवाय सिडकोच्या सर्व क्षेत्रांना एकाच मापाने मोजू नये. एन-१ मधील प्रशस्त बंगले आणि अल्प उत्पन्न गटातील जोडघरांच्या ओळी यांत भाड्याचा व शांततेचा मोठा फरक आहे.

मध्य-दक्षिण पट्ट्यात ज्योतीनगर, उल्कानगरी, गारखेडा, शिवाजीनगर, पुंडलिकनगर या वसाहती येतात. नोकरदार मध्यमवर्गाची मनाजोग्या घराची कल्पना बहुधा उल्कानगरी किंवा गारखेड्यापाशी येऊन थांबते आणि त्याला कारणही आहे: मोठी रुग्णालये, शिकवण्या, किराणा, भाजी आणि जालना रस्ता सर्व जवळ आहे. त्यामुळे भाडेही तसेच आहे. एकाच नावाखाली येथे रुंद रस्त्यावरची सदनिका आणि रिक्षाही न वळणाऱ्या गल्लीतील खोली असे दोन्ही प्रकार मिळतात, हे जाहिरात वाचताना ध्यानात ठेवावे.

सातारा-देवळाई आणि बीड बायपास यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण नव्याने येणाऱ्या कुटुंबांना सर्वाधिक रो-हाऊस आणि सदनिका येथेच दाखवल्या जातात. डोंगराची पार्श्वभूमी, मोकळी हवा, मध्य शहरापेक्षा कमी किंमत आणि मोठी घरे हे या परिसराचे खरे गुण आहेत. हा भाग पूर्वी ग्रामपंचायतींत होता आणि महानगरपालिकेत उशिरा आला, त्यामुळे घरे आधी आणि रस्ते, ड्रेनेज व जलवाहिन्या नंतर असा उलटा क्रम झाला. ज्या गल्लीत या तिन्ही सोयी पोहोचल्या आहेत तेथे राहणे सुखाचे आहे, पण तिच्या पुढच्याच गल्लीत टँकर आणि सेप्टिक टँक उपसण्याची गाडी यांवर महिन्याचा हिशेब चालतो. काळ्या मातीचे कच्चे रस्ते पावसात कसे होतात, हे शेतकरी घरातील वाचकाला समजावण्याची गरज नाही. एवढेच सांगावेसे वाटते की तीच माती भिजल्यावर फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया उथळ घातलेल्या रो-हाऊसच्या भिंतींवर तिरप्या भेगा दिसल्या तर नव्या रंगाला भुलू नये. येथून शहरात जाताना लोहमार्ग ओलांडण्याच्या जागा मोजक्या आहेत. संग्रामनगर उड्डाणपुलापासून किंवा शिवाजीनगरपासून आपले घर किती लांब आहे, यावर रोजची पंधरा-वीस मिनिटे कमी-जास्त होतात.

वाळूजला काम करणाऱ्यांनी शहरात राहण्याचा हट्ट धरू नये, असे आमचे मत आहे. बजाजनगर ही औद्योगिक महामंडळाच्या आखणीतून उभी राहिलेली वसाहत आहे; तेथे शाळा, दवाखाने, बाजार आहेत आणि कारखाना दहा-पंधरा मिनिटांवर येतो. रांजणगाव शेणपुंजीत खोल्या स्वस्त मिळतात, पण दाटी फार आहे. एकट्या कामगाराला ते चालते, लहान मुले असलेल्या घराने मात्र आधी बजाजनगर किंवा वाळूज महानगर पाहावे. शेंद्र्याकडे जाणाऱ्यांसाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी आणि सिडकोचा पूर्व भाग योग्य आहे.

पैठण रस्त्यावर इटखेडा, नक्षत्रवाडी, कांचनवाडी, उत्तरेला हर्सूल व पिसादेवी, आणि पश्चिमेला पडेगाव व मिटमिटा हे वाढते भाग आहेत. समृद्धी महामार्गावर चढण्यासाठी हर्सूलकडून सावंगी जवळ पडते. महानगरपालिकेचे कचरा प्रक्रिया प्रकल्प चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी येथे आहेत. त्यांतील जवळचा प्रकल्प किती अंतरावर आहे आणि वारा फिरल्यावर वास येतो का, हे या भागांत घर पाहताना विचारलेच पाहिजे. पिसादेवीसारख्या हद्दीबाहेरच्या गावांत कर कमी असला, तरी सोयींसाठी ग्रामपंचायतीवर अवलंबून राहावे लागते.

पाहणी कशी करावी

दोन-तीन भाग ठरले की प्रत्येक भाग निदान दोन वेगवेगळ्या वेळी पाहावा. एक फेरी कामावर जाण्याच्या वेळी, आपण रोज वापरणार त्याच वाहनाने करावी आणि दुसरी रात्री नऊनंतर करावी. रात्री पथदिवे लागतात का, मोकाट कुत्र्यांचा त्रास किती आहे, कोपऱ्यावर कोण बसलेले असते आणि मुलगी शिकवणीवरून एकटी परतू शकेल का, याची उत्तरे दिवसा मिळत नाहीत. शहर बसचा जवळचा थांबा कोठे आहे आणि गाडी किती वेळाने येते, हे थांब्यावर उभे राहूनच कळते. शेअर रिक्षा कोणत्या मार्गावर चालते, तेही तेथेच समजते.

पावसाळ्यात घर शोधत असाल, तर जोराचा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जावे. खाम व सुखना या नद्यांच्या आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या काठच्या वस्त्यांत भिंतीवरची ओलीची रेघ किती उंचीवर आहे, हे पाहावे. उन्हाळ्यात शोधत असाल, तर दुपारी तीन वाजता जावे. पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या या शहरात पश्चिमेला खिडक्या असलेली शेवटच्या मजल्यावरची सदनिका सकाळी कितीही प्रसन्न वाटली, तरी एप्रिल-मे मध्ये ती भट्टीसारखी तापते आणि कूलरसाठी पुन्हा पाणीच लागते.

भाड्याचे घर ठरवताना

घर पसंत पडल्यावर मालकाच्या अटी आधी विचाराव्यात. मांसाहार, अविवाहित मुले-मुली, गावाकडून येणारे पाहुणे, आणि स्पष्टच सांगायचे तर जात व धर्म, यांवरून नकार देण्याची वाईट पद्धत या शहरातही आहे. दहा घरे पाहून शेवटी अपमान पदरी घेण्यापेक्षा फोनवरच विचारून मोकळे व्हावे. विजेचे मीटर स्वतंत्र आहे की सबमीटर, आणि सबमीटर असल्यास युनिटमागे दर काय, हे करारात लिहून घ्यावे. टँकर, मोटारीची वीज आणि जिन्याची सफाई यांचा खर्च कोणी करायचा, याचाही उल्लेख असावा.

करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नुसत्या मुद्रांकावर सह्या करून काम भागवण्याची सवय सोडावी. नोंदणीकृत करार हा निवासाचा पुरावा म्हणून अनेक ठिकाणी लागतो. शिक्षणहक्क कायद्याखालील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणाऱ्या पालकांना तर त्याचे महत्त्व विशेष आहे, कारण तेथे शाळेपासून घराचे अंतर पाहिले जाते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली जाते, त्यासाठी आधार कार्ड आणि छायाचित्रे तयार ठेवावीत. अनामत रक्कम शक्यतो बँकेतूनच द्यावी.

विकत घ्यायचे असेल तर

वर्षभर राहून भाग मनात भरला की मग कागदपत्रांकडे वळावे. या शहरात प्लॉट, रो-हाऊस आणि सदनिका यांच्या जाहिरातीत ‘गट नंबर’ दिलेला असतो. त्यावरून सातबारा पाहावा, जमीन अकृषिक झाली आहे का आणि रेखांकन मंजूर आहे का, हे तपासावे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ अशी नोंद असेल, तर हस्तांतरणावर निर्बंध असतात. मराठवाड्यात निजामकाळातील इनामी जमिनींचा प्रश्न वेगळाच आहे. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली जमीन), खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यात दिलेली जमीन) किंवा वक्फ (मुस्लिम धर्मादाय मालमत्ता) अशी नोंद जुन्या उताऱ्यांत आढळली, तर वकिलाच्या लेखी अभिप्रायाशिवाय पुढे जाऊ नये. विक्रेता म्हणेल की आसपास शेकडो घरे उभी आहेत. ती उभी असतात हे खरे, पण त्यांपैकी किती जणांना बँकेने कर्ज दिले, हे त्यालाच विचारावे.

वीस बाय तीसचे प्लॉट नोंदणी न करता बॉण्डवर, म्हणजे नुसत्या मुद्रांकावरच्या लेखावर, विकले जाण्याचे प्रमाण येथे मोठे आहे. अशा गुंठेवारी (जमिनीचे लहान तुकडे पाडून उभ्या राहिलेल्या) वसाहतींसाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची संधी देण्यात आली. म्हणून गुंठेवारीतील घर घेताना नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागावे. ‘फाईल टाकली आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. सिडकोतील घराच्या बाबतीत ते भाडेपट्ट्यावर आहे की मालकी हक्कात रूपांतरित झाले आहे आणि आधीची सर्व हस्तांतरणे सिडकोच्या दप्तरी नोंदली आहेत का, हे पाहावे. मुख्य रस्त्यालगतच्या मालमत्तेसाठी विकास आराखड्यातील रस्त्याची रुंदी महानगरपालिकेच्या नगररचना विभागातून समजून घ्यावी; २०२५ मध्ये मुकुंदवाडी परिसरात रुंदीकरणासाठी झालेली पाडापाडी पाहिलेल्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची नोंद महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर शोधता येते. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प या नोंदणीतून सुटतात आणि आपल्याकडे चार-सहा रो-हाऊस बांधून विकणारे बरेच असल्यामुळे हा अपवाद फार लोकांना लागू पडतो. तेथे परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतःच तपासावे लागते. राष्ट्रीयीकृत बँकेकडे कर्जाचा अर्ज केल्यास बँकेचा वकील मालकी हक्काची तपासणी करतो, म्हणून हाती पूर्ण रक्कम असली तरी थोडे कर्ज काढणे शहाणपणाचे ठरते. महारेराच्या कक्षेतील प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई आहे. इतर व्यवहारांत विसार देताना पावतीवर गट क्रमांक, प्लॉट क्रमांक, ठरलेली एकूण किंमत आणि कागदपत्रांत दोष आढळल्यास विसार किती दिवसांत परत मिळेल, हे चारही मुद्दे लिहून त्याखाली विक्रेत्याची सही घ्यावी.